सही करण्याआधी ‘पुढे काय?’ ते विचारा

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत दोन-अडीच तास ताटकळल्यावर नंबर लागतो. डॉक्टर वडिलांना चालायला लावतात, हाताची थरथर बघतात, एक गोळी वाढवतात आणि म्हणतात, ‘‘आमचा एक प्रोजेक्ट चालू आहे. बाहेर मॅडम बसल्यात, त्यांना भेटून घ्या.’’ मॅडम अगदी अदबीने बोलतात. मेंदूचा एमआरआय, डोक्यावर टोपी घालून ईईजी, मनगटावर एक सेन्सर, सगळं मोफत. मग दहा-पंधरा पानांचं माहितीपत्रक हातात देतात आणि शेवटच्या पानावर बोट ठेवतात. आपल्याकडे बहुतेक घरं तिथे सही करून मोकळी होतात. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणा असं सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. पार्किन्सन, फिट्स, स्मृतिभ्रंश, पक्षाघात यांवर जे काही नवं येईल, ते माणसांनी संशोधनात भाग घेतल्याशिवाय येणार नाही. शिवाय मेंदूविषयी जगात जमलेल्या माहितीत भारतीय माणसं फार थोडी आहेत. बंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत पंचेचाळिशीपुढच्या माणसांच्या वर्षानुवर्षं तपासण्या करतंय, ते ही उणीव भरून काढायलाच. तेव्हा भाग जरूर घ्या. पण एक लक्षात असू द्या. संमतिपत्रात प्रयोगाच्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं: सुई किती टोचेल, मशीन किती आवाज करेल, चहा-नाश्ता मिळेल का. प्रयोग संपल्यानंतरचं मात्र दोन-चार ओळींत आटोपलेलं असतं. मेंदूच्या नव्या तंत्रज्ञानाचे अवघड प्रश्न नेमके त्या दोन-चार ओळींत दडलेले असतात.

हा उपचार आहे की संशोधन?

पहिला प्रश्न हा. उपचार तुमच्यासाठी असतो. संशोधन उद्याच्या रुग्णांसाठी. दोन्ही एकाच इमारतीत, एकाच डॉक्टरांच्या हातून होतात, त्यामुळे गल्लत होतेच. आपल्याला मिळतंय ते सगळं आपल्याच भल्यासाठी बेतलेलं आहे, असं रुग्ण धरून चालतात. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ पॉल ॲपलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या गैरसमजाकडे लक्ष वेधलं, आणि तो आजही जगभर तसाच आहे. मेंदूच्या आजारात तो जास्त घट्ट असतो, कारण इथे हातात दुसरं फारसं काही नसतं.

गल्लत दूर करायला एक साधा प्रश्न पुरतो: ‘‘आम्ही यात भाग घेतला नाही, तर बाबांचे उपचार कसे चालतील?’’ उत्तर ‘आहेत तसेच, काही फरक पडणार नाही’ असं आलं पाहिजे. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर कागद घरी घेऊन जा. ‘आजच सही हवी’ असं सांगणाऱ्या संशोधनात घाईचं कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरी गेल्यावर दोन गोष्टी पडताळा. भारतात औषधांच्या आणि उपकरणांच्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवाव्या लागतात. २००९ पासून ते सक्तीचं आहे. ही नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. तिथे आजाराचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की पैसा कोणाचा, किती माणसं घेणार, कुठल्या शहरांत चालू आहे, हे दिसतं. दुसरी गोष्ट एथिक्स कमिटीची. २०१९ च्या नव्या औषधे व चाचण्यांच्या नियमांनुसार या समितीचा अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो, निम्मे सदस्य बाहेरचे असावे लागतात, आणि डॉक्टरांखेरीज एक कायदा जाणणारा व एक सामान्य माणूसही असावा लागतो. माहितीपत्रकावर समितीचा फोन नंबर छापलेला असतो. तो शोभेसाठी नाही. मेंदूचा स्कॅन करणारं प्रत्येक संशोधन औषधचाचणी नसतं, पण माणसांवरच्या कुठल्याही संशोधनाला समितीची मंजुरी लागते, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

डोक्यात बसवलेलं यंत्र नंतर कोण सांभाळणार?

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठी फरफट इथे झालेली आहे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स असलेल्या पंधरा जणांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर न्यूरोव्हिस्टा कंपनीने इलेक्ट्रोड बसवले. फिट येण्याचा संभव वाढला की हातातल्या छोट्या यंत्रावर लाल दिवा लागायचा. काहींच्या बाबतीत ते चांगलं चाललं. २०१३ मध्ये या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्याच सुमाराला कंपनीचे पैसे संपले. यंत्रं काढायचं ठरलं. एका बाईंना यंत्रामुळे आयुष्यात पहिल्यांदा निर्धास्तपणे घराबाहेर पडता येत होतं. यंत्र राहू द्यावं म्हणून त्या आणि त्यांचे यजमान घर गहाण टाकायला तयार झाले. उपयोग झाला नाही. यंत्र काढलं गेलं. पुढे टास्मानिया विद्यापीठाचे फ्रेडरिक गिल्बर्ट यांनी त्यांच्याशी बोलून लिहिलं, तेव्हा जगाला कळलं की यंत्र काढल्यावर त्यांना स्वतःचाच एखादा भाग गमावल्यासारखं वाटत होतं.

याउलट गोष्ट कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीची. आंधळेपण आलेल्यांच्या डोळ्यातल्या पडद्यावर बसवायचं आर्गस-२ हे यंत्र त्यांनी बनवलं. अमेरिकेत २०१३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांना ते बसवलं गेलं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. यंत्रं लोकांच्या डोळ्यांतच राहिली. बिघाड झाला तर दुरुस्त करणारं कोणी नाही, सुटे भाग नाहीत, एमआरआय करायचा झाला तर डॉक्टरांनी माहिती कोणाला विचारायची तेही ठाऊक नाही. एका ठिकाणी हवं असलेलं यंत्र काढून घेतलं, दुसऱ्या ठिकाणी बिघडलेलं यंत्र आत ठेवून कंपनी निघून गेली. दोन्हीकडच्या रुग्णांनी रीतसर सह्या केलेल्या होत्या.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात पार्किन्सनसाठी डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनच्या शस्त्रक्रिया होतात: मेंदूत वायर आणि छातीत बॅटरी बसवायची. फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे आलीम-लुई बेनाबीद यांनी १९८७ मध्ये तिची आजची पद्धत रूढ करायला सुरुवात केली; आता ती प्रस्थापित उपचारपद्धती आहे. पण तेच यंत्र नैराश्यासाठी किंवा व्यसनासाठी वापरून बघायचं म्हटलं, किंवा नव्या कंपनीचं यंत्र आलं, की तुम्ही संशोधनाच्या आवारात शिरलेले असता. तिथे सही करण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी मागा. छातीत बसवलेल्या बॅटरीचं आयुष्य किती वर्षांचं? साध्या बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात आणि तो खर्च लाखांत असतो. चाचणी संपल्यावर तो कोण करणार? कंपनी बुडाली तर? यंत्र नको झालं तर काढण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे कोणाचे, आणि वायर आतच ठेवतात की तीही काढतात? या यंत्रासकट एमआरआय चालतो का, कुठल्या मशीनवर? आपल्या शहरात ते यंत्र हाताळू शकणारे आणखी कोण आहेत, की सगळी भिस्त एकाच डॉक्टरांवर? प्रोग्रॅम बदलायला दर वेळी बीडहून मुंबई गाठायची असेल, तर प्रवासखर्च मिळणार का?

अजून एक गोष्ट, जी विचारायला जीभ रेटत नाही आणि सांगायला कुणाला सुचत नाही. बॅटरीचं यंत्र शरीरात असलेल्या माणसाचं दहन करण्याआधी ते काढावं लागतं. नाहीतर उष्णतेने स्फोट होऊ शकतो. घरातल्या एकाला तरी हे माहीत असू द्या.

यंत्रामुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळणं आणि इजा चाचणीमुळेच झाल्याचं ठरल्यास भरपाई मिळणं, हे नियमांत आहे. ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. ‘शक्य ती मदत केली जाईल’ असल्या मोघम वाक्यावर समाधान मानू नका. मोघम वाक्यं लिहिणाऱ्यांच्या सोयीची असतात.

स्कॅनची फाइल कुठे जाते?

‘तुमचं नाव काढून टाकलं जाईल’ हे वाक्य प्रत्येक संमतिपत्रात असतं. मेंदूच्या एमआरआयला ते पुरत नाही. डोक्याच्या स्कॅनमध्ये नाक, कपाळ, हनुवटीही येते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या स्कॅनमधून चेहरे तयार केले आणि सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ते त्यांच्या फोटोंशी जुळवले. ७० जण ओळखता आले. तेव्हा नुसतं ‘नाव काढणार का’ असं न विचारता ‘फाइल दुसऱ्यांना देण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसणार का’ असं विचारा. यासाठी साधनं उपलब्ध आहेत. चांगल्या प्रयोगशाळा ती वापरतात.

मग पुढचे प्रश्न. फाइल किती वर्षं ठेवणार? परदेशी विद्यापीठाला किंवा कंपनीला देणार का? एआयचं मॉडेल शिकवायला वापरणार का? तुम्ही मध्येच माघार घेतलीत तर तोवरची माहिती पुसतात की ठेवतात? मॉडेल एकदा शिकून तयार झालं की त्यातून तुमच्या वडिलांचा मेंदू वेगळा काढता येत नाही, हे संशोधकाने प्रामाणिकपणे सांगायला हवं. नव्या डेटा कायद्याच्या भरवशावर राहू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी, काही अटींवर, सूट आहे. त्यामुळे तुमचं खरं संरक्षण संमतिपत्रातल्या मजकुरात आणि एथिक्स कमिटीत आहे.

ध्यान साधतं का, झोप कशी लागली, हे सांगणारे डोक्याचे पट्टे ऑनलाइन विकत मिळतात, त्यांना तर कमिटीही नाही. चिलीमध्ये माजी सिनेटर गीदो हिरार्दी यांनी इमोटिव्ह कंपनीचं असंच एक उपकरण वापरलं आणि आपल्या मेंदूची माहिती कंपनीच्या क्लाउडवर पडून राहते म्हणून दावा लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती माहिती पुसायला लावली. त्या देशाने २०२१ मध्येच राज्यघटनेत मेंदूच्या व्यवहारांना संरक्षण देणारी दुरुस्ती केली होती. आपल्याकडे अशी तरतूद नाही. पट्टा घ्यायचाच असेल तर ॲपमधला ‘संशोधनासाठी माहिती वापरू द्या’ हा चौकोन आधी बघा.

निरोगी माणसाचा स्कॅन संशोधनासाठी केला आणि त्यात भलतंच काही दिसलं तर? २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असं काही आढळण्याचं प्रमाण सुमारे २.७ टक्के निघालं. म्हणजे शंभरातल्या अडीच-तीन जणांत. बऱ्याचदा ते निरुपद्रवी असतं, पण घरात कळलं की झोप उडते. ते तुम्हाला कळवणार का, कोण कळवणार, पुढच्या तपासणीचे पैसे कोण देणार, हे आधी ठरवून घ्या. ‘मला कळवू नका’ म्हणण्याचा पर्यायही विचारा. संशोधनाचा स्कॅन म्हणजे आरोग्यतपासणी नव्हे. त्यात काही दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असाही अर्थ काढू नका.

मशीन मनातलं वाचतं का?

आज तरी तुमच्या मर्जीविरुद्ध नाही. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेने २०२३ मध्ये एफएमआरआयच्या (काम करणारा मेंदू टिपणाऱ्या एमआरआयच्या) नोंदींवरून माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा आशय शब्दांत मांडून दाखवला. त्यासाठी प्रत्येकाला सोळा तास मशीनमध्ये पडून राहावं लागलं; एकाचं मॉडेल दुसऱ्यावर चाललं नाही; आणि माणसाने मनात मुद्दाम दुसरंच काही घोळवलं की यंत्र फसलं. तेव्हा वर्तमानपत्रातल्या मथळ्यांनी घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते अर्धवट विज्ञान कोर्टात पोचतं तेव्हा, आणि याचं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना ‘बीईओएस’ या ईईजी चाचणीच्या अहवालाचा आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोड लावून आरोपीला वाक्यं ऐकवायची आणि मेंदूत ‘अनुभवाची आठवण’ उमटते का ते बघायचं, अशी ही पद्धत. तिची शास्त्रीय पारख स्वतंत्र प्रयोगशाळांनी केलेली नव्हती. परदेशातल्या मेंदूशास्त्रज्ञांना ते वाचून धक्का बसला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात शिक्षा स्थगित करून जामीन दिला. मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. स्वेच्छेने केली तरी संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, आणि चाचणीचा निकाल हा आपोआप पुरावा ठरत नाही. कुणी पोलिस ठाण्यात ‘नुसती ब्रेन टेस्ट आहे, सही करा’ म्हणालं, तर हा निकाल आठवा आणि आधी वकिलाला फोन लावा.

ज्यांना सही करता येत नाही

स्मृतिभ्रंश झालेल्या आजीच्या वतीने सही कोण करणार? आपल्या घरांत याचं उत्तर ‘थोरला’ असं असतं, आणि आजीला विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. माझं मत इथे ठाम आहे: सही थोरल्याची असली तरी होकार आजीचाही हवा. ज्याला समजून संमती देता येत नाही, पण जो विरोधही करत नाही, अशाच माणसाला पुढच्या परवानग्या घेऊन संशोधनात घेता येतं, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मानसिक आजाराच्या व्यक्तींबाबत सांगतो. म्हणजे टोपी घालताना आजीने हात झटकला, तोंड फिरवलं, तर तिथे थांबायचं. ‘अहो, नंतर विसरेल ती’ हे उत्तर नव्हे.

मुलांचंही तसंच. आईवडिलांच्या सहीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाची संमती घ्यायची, बारापर्यंत तोंडी आणि पुढे सोप्या भाषेत लेखी, असं आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची तत्त्वं सांगतात. शाळेतून ‘एकाग्रता मोजण्याचा उपक्रम’ अशी चिठ्ठी आली तर मुख्याध्यापकांना भेटा. चीनमध्ये २०१९ मध्ये एका प्राथमिक शाळेने वर्गातल्या मुलांच्या डोक्यांना ईईजीचे पट्टे लावले, कोण लक्ष देतंय ते शिक्षकांना दिव्याच्या रंगावरून कळत होतं. लोक संतापले आणि ते बंद करावं लागलं. शास्त्राच्या दृष्टीनेही त्या पट्ट्यांवर लक्ष मोजल्याचा दावा लटका होता, असं मला वाटतं. खिडकीबाहेर बघणारं मूल विचार करत असू शकतं.

संशोधन करणाऱ्यांशी दोन शब्द

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ईईजीवर प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी हल्ली गावोगावी आहेत. हॉस्टेलमधल्या मित्रांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, फाइली ड्राइव्हवर टाकायच्या आणि लिंक सगळ्यांना द्यायची, हे सर्रास चालतं. ते माणसांवरचं संशोधन आहे. कॉलेजात एथिक्स कमिटी नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे गाईडला घेऊन जा. माहितीपत्रक मराठीत लिहिताना ‘सहभागीच्या गोपनीयतेचे जतन करण्यात येईल’ असं लिहू नका. फाइल कुणाच्या कॉम्प्युटरवर, किती दिवस, ते लिहा. लिहून झालं की ते कुणा शिक्षण कमी असलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि ‘आता काय होणार, ते तुम्ही मला सांगा’ असं म्हणा. त्याला सांगता आलं नाही, तर मजकूर पुन्हा लिहा. आणि ईईजीच्या आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, हे सांगायला विसरलात तर आजी तेल चोपडून वेणी घालूनच येतील. त्यांना परत पाठवू नका, कारण त्यांचा तो दिवस आणि एसटीचं भाडं दोन्ही गेलेलं असतं.

रुग्णाच्या घरच्यांना शेवटचं सांगायचं ते असं. कारण न सांगता कधीही माघार घेता येते आणि त्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत. यंत्र बसवलेलं असेल तर माघार म्हणजे नेमकं काय, ते मात्र सहीआधीच विचारा. आणि सही केलेल्या संमतिपत्राची व माहितीपत्रकाची एक प्रत तुम्हाला देणं संशोधकाला बंधनकारक आहे. ती मागून घ्या, पानं मोजा आणि घरातल्या रेशनकार्डाच्या फाइलमध्ये लावून ठेवा.